'कळलं का' हा कॉलम खोडला: प्रयोगी शॉर्ट फिल्म्सच्या नोंदी

२ जून

बरेच दिवस डोक्यात होतं ते आज सुरू केलं. महिनाभर जमतील तितक्या प्रयोगी शॉर्ट फिल्म्स बघायच्या, म्हणजे ज्यांच्या पुढे अवांगार्द असं लिहिलेलं असतं आणि ज्या बघून माणूस आधी स्क्रीनकडे आणि मग स्वतःकडे संशयाने बघायला लागतो त्या. नियम तीनच. आधी काही वाचायचं नाही, वर्ष आणि लांबी सोडून. मधे थांबवायचं नाही. संपल्यावर दहा मिनिटांत वहीत लिहायचं, मग भले "डोकं दुखलं" एवढंच का असेना. वाचन नंतर. वहीत पट्टीने रेघा मारून कॉलम पाडलेत: नाव, वर्ष, मिनिटं, कळलं का, आवडलं का. फार शाळकरी दिसतंय पण असू दे.

सुरुवात 'अं शियां आंदालू'ने, लुई बुन्युएल आणि साल्वादोर दाली, १९२९. डोळा कापायचा शॉट येणार हे माहीत होतं, ते कोणाला माहीत नसतं, आणि तरी ऐनवेळी मान फिरवली. वस्तरा डोळ्याजवळ येतो, मग चंद्रावरून एक पातळ ढग सरकतो, आणि तुम्ही म्हणता हां, ढगावर निभावलं, सुटलो, आणि तेवढ्यात तो खरंच कापतो. म्हणजे आधी सुटकेचा श्वास घ्यायला लावून मग. नंतर वाचलं की तो वासराचा डोळा होता. वाचून काही फरक पडला नाही.

मधेमधे पाट्या येतात, "आठ वर्षांनंतर", मग "पहाटे तीनच्या सुमारास", मग "सोळा वर्षांपूर्वी". मी मूर्खासारखी वहीच्या मार्जिनमधे टाइमलाइन मांडत बसले होते, आठ अधिक, सोळा वजा. माणसं तीच, खोली तीच, सोळा वर्षं मागे जाऊन कोणाचा एक केसही हललेला नाही. नंतर वाचते तर दोघांनी पटकथा लिहितानाच ठरवलेलं की ज्याचं सरळ स्पष्टीकरण देता येईल असं एकही दृश्य ठेवायचं नाही. ढगाने चंद्र कापला जातो हे बुन्युएलचं स्वप्न आणि हातात मुंग्या हे दालीचं. माझं गणित फुकट गेलं.

कळलं का: नाही. आवडलं का: हो?

४ जून

'मेशेस ऑफ द आफ्टरनून', माया डेरेन आणि अलेक्झांडर हॅमिड, १९४३, १४ मिनिटं. आत्तापर्यंत पाहिलेल्यात (म्हणजे दोनात, पण तरी) ही अंगावर येणारी. बाई घरी येते, किल्ली हातातून पडते, जिन्यावरून टणटण उडत खाली जाते, आत टेबलावर पावात खोचलेला सुरा, फोनचा रिसिव्हर काढून ठेवलेला, ती खुर्चीत झोपते आणि मग परत तीच येते, परत किल्ली, परत जिना, आणि दर खेपेला काहीतरी एकच वस्तू जागा बदलते. भीती सुऱ्याची वाटत नाही, जागा बदलण्याची वाटते. काळा बुरखा घेतलेली एक व्यक्ती फूल घेऊन पुढे चालत असते आणि वळते तेव्हा तोंडाच्या जागी आरसा. मी हूं की चूं न करता लॅपटॉप अर्धा मिटला, मग नियम आठवला म्हणून परत उघडला.

एक जागा मात्र तीनतीनदा आठवतेय. ती सुरा घेऊन उठते आणि चालते, फक्त पावलं दिसतात, एक पाऊल वाळूत, पुढचं गवतात, मग फरशीवर, मग गालिच्यावर. चार पावलांत समुद्रापासून दिवाणखान्यापर्यंत. काही ट्रिक नाही, चार ठिकाणी शूट करून जोडलंय, पण पाऊल उचललं एकीकडे आणि टेकलं दुसरीकडे एवढं अचूक आहे की माझाच पाय खाली टेबलाखाली हलला.

५ जून

आज चीटिंग झाली, नवीन काही बघितलंच नाही. काल नंतर वाचताना कळलं की 'मेशेस' मुळात मूक होती, ते बासरी आणि तालवाद्यांचं संगीत तेइजी इतोंनी १९५९ साली केलं आणि मग जोडलं गेलं. म्हणजे सोळा वर्षं ती बिनआवाजाची होती. म्हणून म्यूट करून परत बघितली.

वेगळीच फिल्म निघाली राव. काल संगीत मला सांगत होतं की आता घाबर, आता थांब, आणि मी ऐकत होते शहाण्या मुलीसारखी. आज कोणी काही सांगत नाहीये, किल्ली पायऱ्यांवरून पडते आणि कान आपोआप तो टणटण आवाज भरतात, वरच्या मजल्यावर कोणीतरी खुर्ची सरकवली तर वाटलं ती फिल्ममधेच. लांब वाटली, थोडी कंटाळवाणीही मधे, पण आरशाच्या चेहऱ्याला जास्त घाबरले. वहीत एक कॉलम वाढवला: कान. जागा नव्हती म्हणून 'आवडलं का' अरुंद झाला.

८ जून

'मॉथलाइट', स्टॅन ब्रॅकेज, १९६३, चारेक मिनिटं. कुठल्यातरी अपलोडवर कोणी महाभागाने खाली पियानो चिकटवलेला, हळवा, पावसाळी. ब्रॅकेजने ती मूक ठेवलेली. चार मिनिटं "हे संगीत किती सुंदर" असं मनात म्हणत बघितली आणि मग कळल्यावर इतका राग आला की त्या दिवशीची नोंद खोडली.

परत, बिनआवाजाची. यात कॅमेराच नाही. मेलेल्या पतंगांचे पंख, पाकळ्या, गवताची पाती हे सगळं १६ एमएम रुंदीच्या दोन पारदर्शक टेपच्या पट्ट्यांमधे दाबून त्यावरून प्रिंट काढलेली. पडद्यावर दिसतं काय तर तपकिरी फडफड. क्षणभर एका पंखाच्या शिरा दिसतात, स्पष्ट, आणि गेल्या. गवताचं पातं मात्र लांब असल्यामुळे बऱ्याच फ्रेम व्यापतं आणि ओढ्यासारखं वाहतं. मेलेला किडा उडतोय असं काही मला वाटलं नाही, लोक तसं लिहितात. मला वाटलं की दिव्याभोवती फिरणाऱ्या पाखराला दिवा असा दिसत असेल.

९ जून

करून बघितल्याशिवाय झोप येईना. हिशोब केला: १६ एमएमच्या फिल्ममधे एक फ्रेम साधारण साडेसात मिलिमीटर उंच, सेकंदाला २४, म्हणजे एका सेकंदाला १८ सेंटिमीटर पट्टी. ट्यूबलाइटच्या कव्हरमधे मेलेली पाखरं होतीच, शिवाय कांद्याचा पापुद्रा, वाळकं गवत, जास्वंदीची एक सुकलेली पाकळी. साधी पारदर्शक चिकटपट्टी उलटी पसरली, चिमट्याने एकेक ठेवलं. पंख बोटाने उचलायचा नाही हे पहिल्याच पंखाला कळलं, बोटावर राखेसारखी पावडर उतरते आणि हातात राहतो तो नुसता पारदर्शक तुकडा, नक्षी सगळी आपल्या बोटावर.

मग वरून दुसरी पट्टी, बुडबुडे काढायला स्केलची कड. मोबाइलचा टॉर्च खाली ठेवून वरून ओढली तर नुसता चिखल दिसला. अर्थात. प्रोजेक्टर दर फ्रेमला क्षणभर थांबतो आणि पट्टी सरकताना उजेड अडवतो, तेव्हा कुठे चित्र उमटतं, सलग ओढलं की सगळं एकात एक मिसळतं. मग स्केल चिकटवली आणि साडेसात-साडेसात मिलिमीटर सरकवत दुसऱ्या फोनने फोटो काढले. ७२ फोटो. ५४ सेंटिमीटर. अख्खी संध्याकाळ. निघाले तीन सेकंद, त्यातलं एक सेकंद माझ्या अंगठ्याचं.

पण एक झालं, कांद्याचा पापुद्रा पंखापेक्षा भारी दिसतो. पंख गडद डाग होतो, पापुद्र्याच्या उभ्या रेषा मात्र प्रत्येक फ्रेमला थोड्या सरकतात आणि पाऊस पडल्यासारखं होतं.

१२ जून

'अर्नुल्फ राइनर', पेटर कुबेल्का, १९६०. चाळीस सेकंदांनी थांबवली कारण वाटलं केबल गेली. नियम मोडला, नोंद घेतली. केबल ठीक होती. फिल्मच तशी आहे, काळी फ्रेम आणि पांढरी फ्रेम, खरखराट आणि शांतता, या चारांखेरीज काहीही नाही. एकूण ९२१६ फ्रेम, म्हणजे ६ मिनिटं २४ सेकंद. अर्नुल्फ राइनर हा चित्रकार, कुबेल्काचा मित्र, त्याच्या नावाची फिल्म आणि त्यात तो नाही.

अशा लुकलुकणाऱ्या फिल्म्सनी काही जणांना फिट येऊ शकते, टोनी कॉनराडच्या १९६६च्या 'द फ्लिकर'मधे तर सुरुवातीलाच तसा इशारा आहे. म्हणून खोलीतला दिवा चालू ठेवला, लांब बसले, आणि आईला अर्धशिशी आहे म्हणून दार लावून घेतलं.

दुसऱ्यांदा सलग बघितली. तिसऱ्या मिनिटाच्या आसपास मला रंग दिसायला लागले, कडेला जांभळट, मधे पिवळसर, आणि फिल्ममधे रंग नाहीतच. पुढचा पांढरा कधी येणार याचा अंदाज शरीर आपला आपण बांधायला लागतं, मान किंचित पुढे जाते, आणि तो येत नाही. जिन्यावर अंधारात एक पायरी जास्त आहे समजून पाय टाकतो ना, तसं. शांतता आली की खरखराटापेक्षा जास्त दचकले.

एक तक्रार स्वतःच्याच लॅपटॉपबद्दल. स्क्रीन सेकंदाला ६० वेळा ताजी होते आणि फिल्म २४ फ्रेमची, ६० भागिले २४ म्हणजे अडीच, त्यामुळे एक फ्रेम दोनदा दिसते आणि पुढची तीनदा. गोष्टीच्या सिनेमात कोणाला पडलंय, पण जिथे ९२१६ मधली एकेक फ्रेम मोजून बसवलीय तिथे ताल लंगडा होणारच. मी बघितली ती कुबेल्काची की माझ्या स्क्रीनची, कोण जाणे.

'कळलं का' या कॉलममधे काय लिहायचं सुचेना. काळं होतं आणि पांढरं होतं, ते कळलं. कॉलम खोडला.

१३ जून

काही नाही. डोळ्यांना सुट्टी.

१५ जून

परत ब्रॅकेज. 'विंडो वॉटर बेबी मूव्हिंग', १९५९, बारा-तेरा मिनिटं, मूक. नाव वाचून वाटलं होतं खिडकी, पाणी, बाळ, काहीतरी गोड. खिडकीतून येणाऱ्या उजेडात टबमधे बसलेली गरोदर बाई, पोटावर पाण्याचे थेंब, आणि मग सरळ बाळंतपण, अगदी जवळून, काही लपवलेलं नाही.

आई पाणी प्यायला आली आणि मागे येऊन उभी राहिली हे मला कळलंच नाही. "ही कोण?" म्हणाली. मी दचकून थांबवायला गेले तर म्हणे राहू दे. मग सांगितलं की ही जेन, डिरेक्टरची बायको, पहिलंच मूल, घरीच बाळंतपण, आणि नवराच शूट करतोय.

"बरा हात मोकळा होता त्याचा," आई म्हणाली आणि खुर्ची ओढून बसली.

मी दोनदा नजर काढून घेतली. आईने नाही. वार बाहेर येते तो भाग मला नुसता लाल रंगाचा काहीतरी गोळा वाटला, आई शांतपणे म्हणाली, "वार आहे ती, ती नीट पडायला लागते." शेवटी नवऱ्याचा चेहरा दिसतो, हसतोय, पार वेडापिसा झालाय आनंदाने.

"आता हे कोणी काढलं मग?"

"तिनेच. कॅमेरा घेतला त्याच्याकडून."

त्यावर आई काही बोलली नाही. संपल्यावर ग्लास उचलला, दारापर्यंत गेली आणि तिथून म्हणाली, "आवाज नाहीये ते बरंय. आवाज असता तर मी बसले नसते." मग, "तुझ्या वेळी वरचा पंखा खडखड करत होता बघ. तेवढाच आवाज लक्षात राहिलाय, बाकीचा नाही."

दहा मिनिटांच्या नियमात एवढंच लिहून झालं. 'कान' कॉलममधे लिहिलंय: पंखा.

१८ जून

प्रमोद पती, दोन एकदम. 'एक्सप्लोरर' १९६८ आणि 'आबिद' १९७२, दोन्ही फिल्म्स डिव्हिजनच्या, म्हणजे सरकारी खात्याने काढलेल्या, यावर अजून विश्वास बसत नाही. 'एक्सप्लोरर' म्हणजे कोणीतरी डोक्यात हात घालून ढवळल्यासारखं, इतके तुकडे इतक्या वेगाने की मी पाचव्या मिनिटाला हसायला लागले. 'आबिद'मधे चित्रकार आबिद सुरती एका खोलीत, आणि जिवंत माणसाचंच फ्रेमफ्रेमने अॅनिमेशन केलंय, पिक्सिलेशन म्हणतात ते, माणूस न चालता सरकतो, भिंती रंगत जातात. ९ तारखेला ७२ फोटो काढल्यामुळे बघताना पहिला विचार आला तो बिचाऱ्याच्या कंबरेचा. दर फ्रेमला स्तब्ध उभं राहायचं!

आवाज दोन्हीत भन्नाट, पण याहून जास्त लिहायला होत नाहीये, दोन एकदम बघायला नको होत्या.

२० जून

'ब्रिजेस-गो-राउंड', शर्ली क्लार्क, १९५८. न्यूयॉर्कचे पूल, एकावर एक चढवलेले, तरंगणारे, फिरणारे. चारेक मिनिटांची, पण तिची दोन रूपं आहेत, चित्र तेच आणि आवाज वेगळे: एकाला टिओ मासेरोचा जॅझ, दुसऱ्याला लुई आणि बेबी बॅरन यांचं इलेक्ट्रॉनिक संगीत. ५ तारखेला मी म्यूट बटण दाबून जे केलं ते या बाईने १९५८ साली स्वतःच करून ठेवलंय.

जॅझवर पूल नाचतात. खरंच, लोखंड हलकं होतं, कोणीतरी सुट्टीला निघालंय. इलेक्ट्रॉनिकवर तेच पूल, तोच कट, आणि आता माणसं संपलीयेत आणि नुसते सांगाडे उरलेत असं वाटलं. गंमत म्हणजे मी शपथेवर सांगितलं असतं की दुसऱ्या खेपेला वेग कमी केलाय. शेजारी-शेजारी दोन खिडक्या उघडून तपासलं. नाही केला.

तिसऱ्यांदा दोन्ही बंद करून बघितली. तेव्हा पहिल्यांदा दिसलं की पाणी जवळपास दिसतच नाही. पुलांची फिल्म आणि पाणी नाही, आणि हे मला संगीताने दोनदा बघू दिलं नव्हतं.

२२ जून

'ला जेते', क्रिस मार्कर, १९६२, २८ मिनिटं. सगळी स्थिरचित्रं, वर निवेदन. आणि मधे एकच हलता शॉट आहे असं ऐकून होते (हे आधीच माहीत असणं म्हणजे नियमभंग, पण हे कुठूनतरी कानावर पडतंच). त्यामुळे वीस मिनिटं टपून बसले. झोपलेली बाई, फोटो एकात एक विरघळत जातात, पक्ष्यांचा चिवचिवाट वाढत वाढत अगदी कान भरून टाकतो, आणि ती डोळे उघडते. पापण्या मिटते, उघडते. संपलं. काही सेकंदांचा खेळ.

टपून बसूनही काटा आला अंगावर. पण मला वाटतं काम पक्ष्यांनी केलं. फोटो हलायच्या आधी आवाज हलायला लागला होता.

२४ जून

'वेव्हलेंग्थ', मायकल स्नो, १९६७. ४५ मिनिटं, हिला शॉर्ट म्हणणं जरा ओढूनताणूनच, पण घेतली. एका मोठ्या खोलीच्या या टोकापासून समोरच्या भिंतीपर्यंत एक झूम. बस. खऱ्या अर्थाने सलग नाहीये, रंग बदलतात, उजेड बदलतो, दिवस-रात्र होते, पण चौकट लहानच होत जाते.

सुरुवातीला रस्त्याचा गोंगाट, माणसं कपाट आणून ठेवतात, बरं वाटतं. मग एक गुणगुण सुरू होते ती कधी सुरू झाली मला कळलंच नाही, कारण तिची सुरुवात ५० सायकलवर (म्हणजे सेकंदाला ५० कंपनं) आहे आणि लॅपटॉपच्या चपट्या स्पीकरमधून तेवढं खालचं काही निघतच नाही. ती चढत चढत १२,००० पर्यंत जाते. अर्ध्यात हेडफोन लावले तेव्हा दात शिवशिवले. मधे एक माणूस आत येतो आणि धाडकन पडतो, मेलाच बहुतेक, आणि कॅमेरा थांबत नाही, त्याच्यावरून पुढे निघून जातो. मला एवढा राग आला! थांब ना, माणूस पडलाय. नंतर एक बाई येऊन फोनवर कोणाला तरी सांगते की इथे माणूस मरून पडलाय, पण तोपर्यंत तो चौकटीच्या बाहेर गेलेला.

सत्ताविसाव्या मिनिटाला मी वीजबिलाचा विचार करत होते हे प्रामाणिकपणे नोंदवते. शेवटी भिंतीवर टाचलेला एक फोटो उरतो, समुद्राच्या लाटांचा, आणि झूम त्याच्यात शिरतो. चाळीस मिनिटं समोर होता, मी कॅलेंडर समजत होते.

हेडफोन काढून ठेवले तर त्यातूनही बाहेर येत होतं. आतून आई: "काय किंचाळतंय ते?"

२७ जून

'नॉस्टॅल्जिया', हॉलिस फ्रॅम्प्टन, १९७१, ३६ मिनिटं. एका गरम शेगडीवर एकेक फोटो ठेवलेला, वरून दिसतो, निवेदक त्याच्याबद्दल बोलतो, तोवर कॉइलचा गोल डाग उमटतो, कागद काळा पडतो, आकसतो, जळतो, आणि राखेची पापडी बराच वेळ हलत राहते. पण बोलणं आणि फोटो जुळत नाहीत. पहिल्याला वाटलं माझं लक्ष नव्हतं. दुसऱ्याला वाटलं सबटायटल चुकलंय. तिसऱ्याला ट्यूब पेटली: तो जे सांगतोय ते पुढच्या फोटोबद्दल आहे. म्हणजे ऐकायचं न दिसणाऱ्या फोटोबद्दल, आणि तो दिसेल तेव्हा काय ऐकलं होतं ते आठवायचं, आणि त्याच वेळी नवीन ऐकायचं. कान पुढे, डोळे मागे. सातव्या-आठव्या फोटोला मी हरले.

नंतर वाचताना खुर्चीतून पडायची बाकी होते. यातलं निवेदन फ्रॅम्प्टनने लिहिलंय "मी, मी" करत, पण वाचलंय मायकल स्नोने. आणि 'वेव्हलेंग्थ'मधे धाडकन पडणारा माणूस म्हणजे हाच फ्रॅम्प्टन. त्याहून कहर, एका फोटोच्या वेळी तो सांगतो की स्नोसाठी मी एक पोस्टर केलं होतं, त्याला ते अजिबात आवडलं नव्हतं आणि त्याची माफी मागायची राहून गेलीये. हे वाचतोय कोण, तर स्नो. स्वतःचीच मागितलेली माफी स्वतः वाचतोय, निर्विकार आवाजात. तीन दिवसांपूर्वी ज्या माणसाला ओलांडून कॅमेरा गेला म्हणून मी चिडले होते, तो असा परत भेटला.

आधी वाचायचं नाही हा नियम इथे बरोबर होता की चूक, ठरत नाहीये. माहीत असतं तर तो आवाज वेगळा ऐकला असता, पण मग तिसऱ्या फोटोची ट्यूब पेटली नसती.

३० जून

यादीत अजून चार उरल्यात, त्या राहू देत. आई म्हणाली ते पाखरांचं काय केलं होतंस ते दाखव. माझे तीन सेकंद दाखवले, अंगठ्यासकट. "हा कांदा ना?" लगेच ओळखला. मग खरं 'मॉथलाइट' लावायला घेतलं, सांगितलं की याला आवाज नाहीये. आईने एकदा वर बघितलं, उठली आणि पंखा बंद केला.

घामाच्या धारा लागल्या. पण चारच मिनिटं.